गोळी लागली नाही म्हणून गाव आलं नाही

सीमेवर जवान हुतात्मा झाला की आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागात कोणाला काही सांगावं लागत नाही. बातमी आली की गावात चूल पेटत नाही, दुकानं आपोआप बंद होतात, पोरं रस्ता झाडून काढतात, बायका पार्थिव येणार त्या वाटेवर रांगोळ्या घालतात, शाळेची मुलं हातात झेंडे घेऊन उन्हात उभी राहतात आणि फुलांनी सजवलेली गाडी फाट्यावर आली की पंचक्रोशीतली माणसं तिच्यामागे चालायला लागतात. यातलं काहीही सरकारने सांगितलेलं नसतं. हे गावाचं स्वतःचं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण त्याच गावात सतरा-अठरा वर्षं फौजेत काढून, तीन-चार ठिकाणच्या बर्फात आणि वाळवंटात राहून, हातीपायी धड घरी परत आलेला माणूस सत्तरी-ऐंशीला वारतो तेव्हा काय होतं? भाऊबंद जमतात, शेजारपाजारचे येतात, बाहेरगावच्या लेकी येईपर्यंत थांबायचं की नाही यावर चर्चा होते आणि दोन-तीन तासांत सगळं उरकतं. तो फौजेत होता याची आठवण म्हणून फार तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत नावाच्या मागे 'माजी सैनिक' लिहिलेलं असतं. आयुष्यभर गावाने ज्याला 'मेजर' म्हणून हाक मारली (आमच्याकडे शिपाई असो की सुभेदार, सगळे मेजरच) त्याच्या शेवटच्या दिवशी त्या हाकेला काही किंमत राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे बदलायला पाहिजे. जवान कसा गेला यावर गावाचा मान ठरू नये. ज्याने वर्दी घातली, ज्याने देशाने सांगितलं तिथे जाऊन उभं राहायचं कबूल केलं, तो ड्युटीवर गोळीने गेला काय किंवा घरच्या खाटेवर दम्याने गेला काय, गावाने त्याला निरोप द्यायला एकत्र यावं.

लगेच कोणीतरी म्हणेल की अहो, बलिदान आणि म्हातारपणचं मरण एक कसं? एक नाहीच. ज्या आईचा चोवीस वर्षांचा मुलगा पेटीतून घरी येतो तिच्या दुःखाशी कशाचीच बरोबरी होत नाही आणि मी ती करतही नाहीये. पण जरा विचार करा की एका पोस्टवर दहा जण असतात, बर्फाचा कडा सुटतो, त्यात सहा जातात आणि चार वाचतात. त्या चौघांनी काय कमी केलं? सियाचीनमध्ये १९८४ पासून आपले लोक आहेत आणि तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि उंचीच्या आजारांनी जास्त जवान गेलेत. म्हणजे कोण परत येणार आणि कोण नाही हे शौर्यावर ठरलंच नाही, ते वाऱ्यावर आणि बर्फावर ठरलं. जो परत आला त्याने तीच रात्र काढली, त्याच दोरावर चढला, वर स्वतःच्या मित्राला खांद्यावर घेऊन खाली आणलं आणि पुढची चाळीस वर्षं ते सगळं मनात ठेवून तो आपल्या शेजारी राहिला, उसाला पाणी देत राहिला, बँकेत सिक्युरिटी गार्डची नोकरी करत राहिला. तो जगला म्हणून त्याचा हिशोब कमी धरायचा हे मला पटत नाही.

आणि वेळ फार नाहीये हे पण बघा. १९७१ च्या लढाईत जो वीस वर्षांचा होता तो आता ७५ च्या आसपास आहे. १९६५ वाले ऐंशी ओलांडून गेले. १९८७ ते ९० मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत जे गेले, जिथे आपले बाराशेच्या आसपास जवान मारले गेले आणि ज्याबद्दल आपल्या गावांत आजही फारसं कोणी बोलत नाही, तेसुद्धा आता साठी-सत्तरीत आहेत. येत्या दहा-पंधरा वर्षांत यांतले बहुतेक जण जाणार आहेत. आत्ता पद्धत घातली तरच ती त्यांच्या कामाची.

बरेच जण म्हणतात की अशा पद्धती काय ठराव करून येतात का, त्या आपोआप पडतात. पण आज आपण जवानाला ज्या पद्धतीने निरोप देतो ती तरी किती जुनी आहे? १९६५, १९७१ मध्ये बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीवरच झाले, घरी आली ती तार, नंतर कधीतरी ट्रंक आणि त्यातले कपडे. पहिल्या महायुद्धात तर साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण मारले गेले, म्हणून गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, आणि त्यांच्या नावाने गावात राहिला तो ब्रिटिशांनी लावलेला दगड. गावाला निरोप द्यायला माणूसच मिळाला नाही. पार्थिव विमानाने, गाडीने थेट घरापर्यंत पोचवायचं हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते १९९९ च्या कारगिलपासून. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा देशातल्या शेकडो गावांनी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी स्वतःच्या वेशीवर बघितली. त्या वेळी आपण काय करायचं हे गावांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपापल्या बुद्धीने रांगोळी घातली, दुकानं बंद केली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिले आणि पुढच्या गावाने मागच्या गावाचं बघून तेच केलं. म्हणजे जी गोष्ट आपल्याला परंपरा वाटते ती जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांची आहे आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनीच घडवली आहे. एवढ्यात घडली तशी अजून थोडी पुढे न्यायला काय हरकत आहे.

सरकारी पातळीवर हा गोंधळ किती वरपर्यंत गेलेला आहे तेही सांगतो. फील्ड मार्शल सॅम माणेकशॉ, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९७१ चं युद्ध जिंकलं, ते २७ जून २००८ ला तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात वारले, वय ९४. उटीला अंत्यसंस्कार झाले तेव्हा राष्ट्रपती, पंतप्रधान, संरक्षणमंत्री, तिन्ही दलांचे प्रमुख यांतलं कोणीच नव्हतं, केंद्राकडून एक राज्यमंत्री आले होते. राष्ट्रीय दुखवटा नाही. त्यावर देशभर बोललं गेलं, माजी सैनिकांच्या मनाला ते फार लागलं. नंतर सप्टेंबर २०१७ मध्ये मार्शल ऑफ द एअरफोर्स अर्जन सिंग ९८ व्या वर्षी गेले तेव्हा दिल्लीच्या ब्रार स्क्वेअरला शासकीय इतमामात अंत्यसंस्कार, १७ तोफांची सलामी, दिल्लीत सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर. दोघेही पाच ताऱ्यांच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या हुद्द्याचे, दोघेही निवृत्तीनंतर म्हातारपणी गेलेले, आणि निरोपात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एवढ्या मोठ्या माणसांचं असं होत असेल तर माण-खटावच्या एखाद्या निवृत्त नाईकाच्या अंत्ययात्रेला काय मिळेल हे बऱ्याचदा जवळ छावणी आहे का, घरच्यांना कोणाला फोन करायचा हे माहीत आहे का, यावरच राहतं.

तिरंग्याचंच घ्या. नियमाप्रमाणे पार्थिवावर तिरंगा घालता येतो तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारात, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून, आणि अग्नी द्यायच्या आधी तो काढून घ्यायचा असतो, चितेत जाऊ द्यायचा नसतो. खासगी अंत्ययात्रेत कोणी आपल्या मनाने घातला तर १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याखाली तो अपमान धरला जाऊ शकतो. आता म्हाताऱ्या माजी सैनिकाच्या मुलाला वाटतं की बापावर तिरंगा असावा, बापाने तर आयुष्यभर तेच सांगितलेलं असतं, पण सैन्याकडून कोणी आलेलं नाही, तहसीलदाराला विचारावं तर रविवार, मग कोणी म्हणतं घाल, कोणी म्हणतं केस होईल, आणि त्या गोंधळात तो पोरगा बापाच्या शेवटच्या तासात इकडेतिकडे फोन करत राहतो. हे मी आमच्या भागात डोळ्यांनी बघितलंय. शेवटी तिरंगा घातला नाही, एका मित्राने आणलेली रेजिमेंटची जुनी टोपी छातीवर ठेवली. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, झेंड्याची शिस्त हवीच. पण मग निवृत्त सैनिकासाठी सरकारने एक साधी, स्पष्ट व्यवस्था ठेवायला हवी ना. अमेरिकेत २००० सालापासून तसा कायदाच आहे: कोणत्याही पात्र माजी सैनिकाच्या घरच्यांनी मागितलं की किमान दोन वर्दीतले सैनिक यायलाच हवेत, झेंड्याची घडी घालून घरच्यांच्या हातात द्यायचा आणि बिगुलाची धून वाजवायची, बिगुलवाला मिळाला नाही तर रेकॉर्ड लावायची. दोनच माणसं. पण प्रत्येकाला.

आपल्याकडे दरवर्षी साठ हजारांच्या आसपास जवान निवृत्त होतात, तेव्हा प्रत्येकाच्या अंत्यविधीला तुकडी पाठवणं सैन्याला जड जाईल हे मला मान्य आहे. म्हणूनच मी हे मागणं आधी गावाकडे मागतोय.

कारण गाव काय करू शकतं याची उदाहरणं आहेत. इंग्लंडमधलं वूटन बॅसेट हे छोटं गाव. अफगाणिस्तान-इराकमध्ये मारल्या गेलेल्या ब्रिटिश सैनिकांची पार्थिवं २००७ पासून शेजारच्या विमानतळावर उतरायला लागली आणि शवपेट्यांच्या गाड्या याच गावाच्या मुख्य रस्त्याने जायच्या. पहिल्यांदा काही माजी सैनिक रस्त्याच्या कडेला थांबले, नुसते थांबले. पुढच्या वेळी आणखी लोक, मग दुकानदार बाहेर येऊन उभे राहायला लागले, चर्चची घंटा वाजायला लागली, आणि २०११ पर्यंत, म्हणजे तो विमानतळ बंद होईपर्यंत, गावाने ते सोडलं नाही. घोषणा नाहीत, भाषण नाही, कोणाचा फ्लेक्स नाही. आणि त्याच देशातलं दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं: २०१३ मध्ये दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात जमिनीवरचं काम केलेले ९९ वर्षांचे एक गृहस्थ वारले, लग्न झालेलं नव्हतं, जवळचं कोणी येणार नव्हतं. अंत्यविधीला कोणी असावं म्हणून पेपरात छोटी सूचना दिली गेली, ती सोशल मीडियावर फिरली आणि ११ नोव्हेंबरला लिथम सेंट ॲन्सच्या स्मशानभूमीत शेकडो अनोळखी माणसं पावसात येऊन उभी राहिली. त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी बघितलंही नव्हतं. ते विमान उडवणारे वीर नव्हते, लढाईत गेलेले नव्हते, म्हातारपणी गेलेले एक साधे सैनिक होते, आणि लोक आले.

आपल्याकडे माणसाची माया काही कमी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं तेव्हा खालच्या नंजप्पाचत्रम गावातले लोक घरातली पांघरुणं घेऊन धावले आणि दुसऱ्या दिवशी पार्थिवांच्या ॲम्ब्युलन्स सुलूरच्या हवाई तळाकडे जात असताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या तमिळ माणसांनी फुलं टाकली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाच्या हल्ल्यात गेलेल्या दोन जवानांची पार्थिवं आली, एक मलकापूरला, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याला. दोघेही सीआरपीएफचे. कागदावर निमलष्करी दलातून निवृत्त झालेल्याला माजी सैनिकाचा दर्जा नसतो, त्यावर त्या लोकांचं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, पण त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्या लाखभर डोळ्यांतल्या एकाने तरी विचारलं का की हा आर्मीचा की सीआरपीएफचा? गावाला ते कळतं. फाइलला जे दिसत नाही ते गावाला दिसतं, म्हणून माझा गावावर विश्वास आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले जवान, गेले. एक आपल्या बुलढाण्यातल्या पिंपळगाव सराईचा, सियाचीनमध्ये ड्युटीवर; त्याला गावाने आणि सैन्याने पूर्ण इतमामात निरोप दिला. दुसरा पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातला. सैन्याने सांगितलं की त्याचा मृत्यू स्वतःच्या हातून झाला आणि अशा मृत्यूला लष्करी इतमाम देता येत नाही, पार्थिव खासगी ॲम्ब्युलन्समधून घरी आलं. गावकऱ्यांना ते सहन झालं नाही, त्यांनी आग्रह धरला आणि शेवटी पंजाब पोलिसांनी मानवंदना दिली. त्या गावकऱ्यांचं मला बरोबर वाटतं. एकोणीस-वीस वर्षांचं पोर देशासाठी जम्मू-काश्मीरमध्ये उभं होतं एवढं त्यांना पुरेसं होतं, ते कसं गेलं याची चौकशी त्यांनी आपल्या अंगणात आणली नाही.

आता एक आक्षेप असा येतो की फौजीच का, मग शिक्षक, नर्स, गटारात उतरणारा सफाई कामगार यांनी काय केलं? खरंय, त्यांचाही मान व्हायला हवा, आणि ज्या गावाला एकाचा मान करायची सवय लागते ते गाव दुसऱ्याचाही करेल असं मला वाटतं. पण फौजीच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. त्याने आधीच सही करून दिलेली असते की सांगाल तिथे जाईन आणि परत आलो नाही तरी तक्रार नाही. घर, पोराचं बारसं, बापाचं आजारपण हे सगळं त्याने सोडलेलं असतं, आणि त्याच्या बायकोनेही. दुसरा आक्षेप लोक दबक्या आवाजात घेतात, की सगळेच माजी सैनिक काही फार चांगले नसतात, कोणी दारू पितो, कोणी बांधावरून भांडतो. असतील. आपण त्याच्या स्वभावाला सलाम करत नाही, त्याने दिलेल्या वर्षांना करतो. आणि दारूचं म्हणाल तर काही जणांची ती कशामुळे लागली हे त्यांच्याशी एक संध्याकाळ बसून बोललं की कळतं.

मात्र आत्ता हुतात्मा जवानाच्या अंत्यविधीत जे चालतं ते सगळंच्या सगळं इकडे आणायचं असं मी अजिबात म्हणत नाही. उलट त्यातलं काही तिकडूनही काढून टाकायला हवं. पुढाऱ्याला यायला उशीर होतोय म्हणून पार्थिव थांबवून ठेवणं, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर जवानापेक्षा मोठे इतरांचे फोटो, आईच्या तोंडाशी धरलेले मोबाइल, 'अमर रहे'च्या घोषणा देताना बिगुल वाजायला लागला तरी गप्प न होणारी पोरं. लास्ट पोस्ट ही बिगुलाची निरोपाची धून वाजते तेव्हा जवान शोक शस्त्र करून, म्हणजे बंदुका उलट्या धरून, मान खाली घालून उभे असतात, त्या दोन मिनिटांत आपल्या मैदानावर पूर्ण शांतता पाहिजे. ते आपल्याला शिकावं लागेल. घोषणा वाटेत द्या, मनापासून द्या, तिथे नको.

आणि बांगड्या. जवान गेला की एकीकडे त्याच्या बायकोला वीरपत्नी म्हणायचं, आणि दुसरीकडे चार म्हाताऱ्यांनी तिला धरून सगळ्यांसमोर बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. हा मान आहे का? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून या विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं परिपत्रक काढलं. शेजारीच सैनिक टाकळी, घराघरात फौजी असलेलं गाव, म्हणजे या भागात फौजी कुटुंबं आणि हा ठराव दोन्ही एका तालुक्यात आहेत. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ ला काश्मीरमधल्या कुपवाड्यात हुतात्मा झाले, पोगरवाडीला त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लेफ्टनंट होऊन सैन्यात गेल्या. ज्या बाईत एवढी ताकद असू शकते तिचा त्या दिवशी हात धरून अपमान करायचा नाही, हे गावाने ठरवायलाच हवं.

हेरवाडने दाखवलं की मरणाच्या वेळच्या पद्धतीसुद्धा ग्रामसभेत बसून बदलता येतात. मग तसाच एक ठराव प्रत्येक फौजी गावाने का करू नये? घरपट्टी माफीसाठी माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची नावं ग्रामपंचायतीकडे आलेलीच असतात. त्या यादीतला माणूस वारला की ग्रामपंचायतीने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवायचं, ते काम घरच्यांवर सोडायचं नाही. तासभर दुकानं बंद. शाळेतली मोठी मुलं आणि गावातले सगळे माजी सैनिक, जमलं तर मेडल लावून, स्मशानापर्यंत बरोबर. कोणीतरी उभं राहून वाचायचं की हे अमुक साली भरती झाले, अमुक रेजिमेंट, इथे इथे होते. एवढंच, भाषण नको. शाळेतल्या पोरांना श्रीलंका, सियाचीन, पूंछ ही नावं नकाशावर पाठ असतात, ती आपल्या आळीतल्या माणसाशी जोडलेली आहेत हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळेल. यातलं काही खर्चाचं नाही आणि कोणाच्या परवानगीचंही नाही.

दहाव्यानंतरचं काम मात्र मला याहून महत्त्वाचं वाटतं. नवरा गेला की फॅमिली पेन्शन आपोआप सुरू होत नाही. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), डिस्चार्ज बुक, जॉइंट फोटो, बँक, आता ते फौजी पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल, आणि त्यात हमखास निघणारी अडचण म्हणजे रेकॉर्डला बायकोचं नाव एक आणि आधारवर दुसरं, किंवा जन्मतारखेत फरक, कारण पन्नास वर्षांपूर्वी युनिटच्या क्लार्कने ऐकलं तसं लिहिलं. पासष्ट-सत्तरीची बाई मुलाच्या मागे बसून तालुक्याला, जिल्ह्याला हेलपाटे घालते आणि तोपर्यंत तिच्या हातात पैसा नसतो. गावात दोन-चार निवृत्त क्लार्क किंवा सुभेदार असतातच ज्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. त्यांच्यावर ठरावातच जबाबदारी टाका की दहाव्यानंतर जाऊन बसायचं आणि कागद पूर्ण होईपर्यंत त्या घराला सोडायचं नाही. आणि नावातली चूक माणूस जिवंत असतानाच दुरुस्त करून घेता येते, ती आजच तपासा.

यात आता अग्निवीरांचा प्रश्न येणार आहे. २०२२ च्या योजनेत भरती झालेल्या सैन्यातल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं संपत येतायत, त्यातली २५ टक्क्यांपर्यंतच पोरं आत राहणार आणि बाकीची बावीस-पंचवीस वर्षांची पोरं घरी येणार, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन कार्ड नाही. सरकारच्या यादीत ती नसतील, म्हणून गावाच्या यादीत ती पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत. ठराव लिहिताना 'माजी सैनिक' एवढंच लिहून थांबू नका, 'सैन्यदलात, निमलष्करी दलात किंवा अग्निवीर म्हणून सेवा केलेली प्रत्येक व्यक्ती' असं लिहा, बायका-मुलीही आता भरती होतायत म्हणून 'व्यक्ती' लिहा, आणि येत्या ग्रामसभेच्या अजेंड्यावर हा विषय घ्या.